प्रतिध्वनी पुसणारा डबा

माझा धंदा लोकांना त्यांचा स्वतःचा आवाज ऐकू येऊ नये याची काळजी घेण्याचा. उज्जैनमध्ये हा धंदा करायचा म्हणजे धाडसच, कारण स्वतःच्या आवाजाचा कंटाळा आलेला माणूस मला इथे अजून भेटायचा आहे. तरीही फ्रीगंजात, टावर चौकामागच्या गल्लीत माझं दुकान तग धरून राहिलं. आता ते भाच्याच्या हवाली करून मी घरी बसलोय. या अंकाच्या संपादकांनी फोन केला, "तांत्रिक असू द्या, पण वाचता येईल असं लिहा." म्हणजे सर्जनला सांगायचं, ऑपरेशन करा पण रक्त दिसू देऊ नका. बघतो जमतंय का.

नातेवाईकांत माझी ओळख 'माईकवाला'. वडील बँकेत, थोरला भाऊ रेल्वेत, आणि मधूनच हा माईकवाला निघाला. लग्नात सनई लावणारा आणि मी, यांत आमच्या आत्याला शेवटपर्यंत फरक कळला नाही. माझं काम मीटिंगच्या खोल्यांचं. दूरच्या माणसांशी पडद्यावर बोलायचं, तर दोन्हीकडचा आवाज नीट जायला हवा, एवढंच ते काम. ऐकायला सोपं वाटतं, म्हणून बिल बघून सगळ्यांना धक्का बसायचा.

समजा, तुम्ही पुण्याहून बोलताय. तुमचा आवाज आमच्या खोलीतल्या स्पीकरमधून बाहेर पडतो, भिंतीला, काचेला, अध्यक्षांच्या टकलाला आपटतो आणि आमच्याच माईकमध्ये शिरून पुण्याला परत येतो. तुम्ही "नमस्कार" म्हणता आणि क्षणभराने तुम्हीच तुम्हाला "नमस्कार" करता. पहिल्यांदा गंमत वाटते. चार वाक्यांनंतर माणूस अडखळायला लागतो आणि मग माझ्या दुकानाला फोन येतो.

यावरचा उपाय म्हणजे नखाएवढी एक चिप. पुण्याहून आलेला आवाज स्पीकरला देण्याआधी ती त्याची एक नक्कल स्वतःपाशी ठेवून घेते. हा आवाज या खोलीत फिरून माईकपाशी येईल तेव्हा त्याचं काय झालेलं असेल, याचा अंदाज बांधते आणि माईकमधल्या आवाजातून तेवढा भाग वजा करते. उरतो तो खोलीतल्या माणसांचा आवाज. कुणी खुर्ची सरकवली, दार उघडलं, की खोली बदलते आणि ही बिचारी नव्याने शिकायला बसते. जन्मभर शिकत राहणारं असं माझ्या ओळखीत दुसरं कुणी नाही, पदवीधर धरून.

वजाबाकी करूनही थोडा प्रतिध्वनी उरतोच. त्यासाठी चिपमध्ये शेवटी एक चौकीदार बसवलेला असतो. पलीकडचा माणूस बोलत असताना इकडून काही बारीकसारीक आलं, की तो त्याला उरलासुरला प्रतिध्वनी समजतो आणि फाटक लावून घेतो. इकडून कुणी दणकून बोललं, तर हा माणूस आहे हे त्याला पटतं आणि तो सोडतो. थोडक्यात, ओरडणाऱ्याला रस्ता आणि पुटपुटणाऱ्याला बंदी. ही चिप परदेशात तयार होते म्हणतात, पण आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीत ती पहिल्या दिवसापासून रुळेल.

आता फाटक लागलं की पलीकडे एकदम सन्नाटा होतो. माणसाला वाटतं लाईन कटली, तो "हॅलो हॅलो" सुरू करतो. म्हणून चिप स्वतःच्या पदरची एक हलकी सळसळ भरते, अगदी रिकाम्या खोलीची वाटावी अशी. पलीकडचा निश्चिंत होतो, की खोली आहे, लोक आहेत, फक्त कुणी बोलत नाहीये. ही बनवलेली शांतता आम्ही वेगळे पैसे न घेता द्यायचो.

भैरवगढच्या एका छिपा गिऱ्हाइकाने मला या चिपची दुसरी बाजू शिकवली. हाताने ठसे मारून चादरी छापणारा माणूस. जर्मनीतल्या व्यापाऱ्याशी कारखान्यातूनच बोलायचा. मागे कारागिरांची ठकठक सतत चालू, म्हणून त्याने माझ्याकडून हीच चिप असलेला नवा डबा घेतला, पाठीमागचा सगळा आवाज गाळणारा. आठवड्यातच परत आला. "साब, वो गोरा कहता है तुम्हारे यहाँ तो सन्नाटा है, हाथ का काम बंद करके मशीन लगा ली क्या? इसमें ठकठक वापस डालो." मी त्याला जुना, स्वस्त, निकामी डबा परत बसवून दिला. गोऱ्याची खात्री पटली.

आणि एक आपल्याच मंडळींची संस्था. नाव सांगत नाही, मला अजून त्यांच्या गणपतीत जेवायला जायचं असतं. इंदूरच्या शाखेबरोबर पडद्यावर बैठक. आम्हा माईकवाल्यांची चाचणी फार सभ्य असते. एक जण या टोकाला, एक त्या टोकाला. हा विचारतो, "आवाज आ रही है?" तो म्हणतो, "आ रही है, अब आप सुनिए." चाचणीत कुणी कुणाचं बोलणं तोडत नाही, म्हणून सगळं झकास चालतं. मग खरी बैठक भरते आणि उज्जैनची सात आणि इंदूरची नऊ मराठी माणसं एकदम बोलू लागतात. आमचे खजिनदार स्वभावाने मवाळ. प्रत्येक ठरावाला ते हळू आवाजात विरोध करायचे आणि त्याच वेळी इंदूरचे अध्यक्ष गरजत असायचे. चौकीदाराने त्यांचा एकही विरोध फाटकाबाहेर जाऊ दिला नाही. इंदूरच्या मते सगळे ठराव एकमताने पास झाले. खजिनदार पुढे वर्षभर चिडलेले होते आणि इंदूरकर त्यांच्या समजूतदारपणाचं कौतुक करत होते.

हे सगळं मी हसत हसत सांगत आलो. मुळ्ये बाईंच्या घरी गेलो तोपर्यंत.

मुळ्ये बाई म्हणजे इथल्या मराठी शाळेतल्या गणिताच्या बाई. पाढे म्हणायचे ते सगळ्या वर्गाने एका सुरात, बाईंच्या बरोबरीने, ही त्यांची पद्धत. मीही त्याच वर्गातला. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं आणि बोलणं पार थांबलं. नानाखेड्याच्या कॉलनीत घर, घरात बाई आणि त्यांना सांभाळणारी रामकन्या. मुलगा श्रीरंग बंगळुरूला, मोठ्या कंपनीत. आईला मराठीतून उपचार मिळायला हवा म्हणून त्याने पुण्याच्या एक वाचातज्ज्ञ मॅडम गाठल्या, मानसी नावाच्या. त्यांच्या भेटी पडद्यावर व्हायच्या. त्यासाठी श्रीरंगने टीव्हीखाली बसवायचा एक उंची डबा मागवला, कॅमेरा, माईक, स्पीकर सगळं एकात. बसवायला कंपनीचा माणूस आला होता. मला बोलावलं ते डबा काढायला. स्थानिक कलाकारांना संधी मिळते ती अशी.

"काका, आज दुपारी शेवटचं सेशन आहे," श्रीरंग फोनवर म्हणाला. "ते झालं की तो डबा उतरवून घ्या."

"अरे, एवढ्यात बंद?"

"इतके महिने झाले, काका. एक शब्द नाही. मानसी मॅडम पण म्हणाल्या, पुढे चालू ठेवण्यात अर्थ दिसत नाही. पुढच्या आठवड्यात येतो आणि आईला इकडे घेऊन जातो. इथे चांगलं सेंटर आहे, चोवीस तास नर्सेस असतात."

"मराठी कळतं का तिथे कुणाला?"

"तिला बोलताच येत नाही, काका. कुठली भाषा, काय फरक पडतो?"

मी ड्रिल आणि पाना पिशवीत घातला आणि निघालो.

पोचलो तेव्हा सेशन चालू होतं. मी दाराजवळच्या स्टुलावर बसलो. पडद्यावर एका चौकोनात मानसी मॅडम, दुसऱ्यात श्रीरंगचं नुसतं नाव, कॅमेरा बंद. या चौकोनांसमोर, खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला आरामखुर्चीत बाई. पदराचं टोक तोंडावर धरलेलं. वाकडं झालेलं तोंड कुणाला दिसू नये, म्हणून त्या आताशा तो तसाच धरून ठेवतात, हे रामकन्येने मला नंतर सांगितलं.

उपचार काय, तर पाढे. बोलणं गेलेल्या काही माणसांच्या आत घोकलेलं, पाठ असलेलं शाबूत राहतं म्हणे. दुसऱ्या कुणाच्या बरोबरीने म्हटलं तर ते बाहेर येऊ शकतं. प्रश्न विचारून येत नाही, एकट्याने येत नाही. श्रीरंग भेटायला यायचा तेव्हा "आई, मी कोण सांग" असं विचारायचा आणि बाई नुसत्या बघत राहायच्या.

"आजी, माझ्याबरोबर म्हणायचं हं," मानसी म्हणाली. "बे एके बे, बे दुणे चार..."

आणि मला बाईंचा आवाज ऐकू आला. पदराआडून, बारीक, घोगरा, पण पाढा स्वच्छ. बे त्रिक सहा. बे चोक आठ. मानसी थांबली की बाई थांबायच्या. मानसी पुढे गेली की बाई तिच्यामागून निघायच्या. मी उठून उभाच राहिलो.

रामकन्या भिंतीला टेकून उभी होती. "देखा भैया? मैं तो कब से कह री हूँ, बाई बोले है. मैडम के साथ-साथ बोले है, अकेले नी बोले. श्रीरंग भैया मानते ई नी. सोचते हैं मैं खुश करने के लिए कह री हूँ."

पडद्यावर मानसीने दहापर्यंत नेऊन पाढा संपवला आणि मान खाली घातली. "श्रीरंग, आजही काही नाही. मला वाईट वाटतंय."

"मॅडम," मी पुढे होऊन म्हणालो, "मी तो डबा काढायला आलेला माणूस. तुम्हाला आत्ता इथून काय ऐकू येत होतं?"

"काहीच नाही हो. खोलीचा आवाज येतो, तेवढाच. हलका. पंखा असेल."

पंखा बंद होता. जानेवारीत उज्जैनला कुणी पंखा लावत नाही.

बाईंचा आवाज मानसीच्या आवाजामागून येत होता, तेच शब्द, तीच चाल, तिच्याहून हळू, आणि ती बोलत असतानाच. प्रतिध्वनीची याहून नेमकी व्याख्या मला तरी माहीत नाही. चौकीदाराने आपलं काम इमानदारीने केलं होतं. मानसी बोलत असेपर्यंत फाटक बंद, आणि ती थांबून फाटक उघडेपर्यंत बाईही थांबलेल्या. इतके महिने पुण्याला आणि बंगळुरूला जी शांतता ऐकली जात होती, ती बाईंची नव्हतीच, ती डब्याने बनवून पाठवलेली होती. तीच ऐकून त्यांना सेंटरमध्ये पाठवायचं ठरलं होतं. मला त्या डब्याचा असा राग आला, की पिशवीतल्या पान्याकडे गेलेला हात मी मुद्दाम मागे घेतला.

मी सांगितलं ते मानसीने एका झटक्यात पकडलं. श्रीरंगला मात्र पटेना.

"काका, सगळी रेटिंग्ज बघून घेतलाय तो. टॉप मॉडेल आहे."

"म्हणूनच, बाबा. साधा असता तर इतकं चोख काम केलं नसतं."

उपाय काही फार विद्वत्तेचा नव्हता. खोलीत स्पीकरच वाजला नाही तर प्रतिध्वनी येणार कुठून? आणि प्रतिध्वनीच नसेल तर त्या हुशार चिपचं काम काय? रामकन्येकडे गाणी ऐकायचा वायरवाला इअरफोन होता, पिवळा. तो डब्याच्या मागच्या खाचेत लावला. सेटिंगमध्ये जाऊन प्रतिध्वनी घालवणं, मागचा आवाज गाळणं, सगळं एकेक करून बंद केलं. वायर हातभर, म्हणून आम्ही दोघांनी बाईंची खुर्ची ओढत टीव्हीच्या तोंडाशी आणली. इअरफोनचं एक बोंड बाईंच्या कानात घातलं, दुसरं माझ्या कानात, आणि मी खुर्चीशेजारी जमिनीवर बसलो. बाईंनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. गणिताच्या तासाला त्यांच्या इतकं जवळ बसायची माझी कधी छाती झाली नव्हती.

"मॅडम, आता म्हणा. आणि काहीही झालं तरी मध्ये थांबू नका. तुम्ही थांबलात की त्या थांबतात."

"बे एके बे," मानसीने सुरुवात केली. बाईंनी पदराआडून साथ धरली. "बे त्रिक" पाशी मानसीचा चेहरा बदलला. तिने हात तोंडावर नेला, परत खाली घेतला आणि डोळे मिटून पाढा चालू ठेवला. दहापर्यंत दोघी गेल्या.

"काका," माझ्या कानात श्रीरंगचा आवाज आला. "ही... ही आई आहे?"

"नाही, पंखा," मी म्हणालो.

माझे डोळे बाईंना दिसू नयेत म्हणून मी टीव्हीच्या वायरींकडे बघत बसलो.

श्रीरंगने कॅमेरा चालू केला. ऑफिसातली काचेची खोली, गळ्यात पट्टा, डोळे लाल. "मी म्हणू का तिच्याबरोबर?" त्याने मानसीला विचारलं. "अवघड काहीतरी म्हणतो. एकोणीसचा. तो आमच्या घरी रोज व्हायचा."

"म्हणा," मानसी म्हणाली. "सावकाश."

"एकोणीस एके एकोणीस," तो म्हणाला, आणि बाई निघाल्या त्याच्याबरोबर. एकोणीस दुणे अडतीस. एकोणीस त्रिक सत्तावन्न. एका कानात मुलगा, दुसऱ्यात आई. आई कणभर मागे, मुलाचा आवाज कापरा. त्याचा पाढा कच्चा झाला होता हे उघड होतं. चोकला त्याने दम घेतला, पंचेला चाचपडला, सकला कसाबसा पोचला. बाई त्याच्यासाठी थांबायच्या आणि पुन्हा त्याच्याबरोबर चालायच्या. पदर त्यांच्या हातातून सुटून मांडीवर पडला होता आणि त्यांच्या ते ध्यानातही नव्हतं.

"एकोणीस साते..." श्रीरंग अडला. "एकोणीस साते सव्वीसासे."

एकशे तेहतीसच्या जागी एकशे सव्वीस, म्हणजे तो सरळ अठराच्या पाढ्यात घुसला होता. मला ते कळलं, कारण याच चुकीसाठी मी एकदा बाकावर उभा राहिलो होतो. श्रीरंगला कळलं नाही. तो पुढचं आठवत गप्प झाला. आता त्याच्या बाजूने काहीच आवाज नव्हता, साथ धरायला कुणी नव्हतं, म्हणजे बाईंनीही गप्प व्हायचं. मानसी पडद्यावर पुढे झुकली होती. रामकन्येने माझा खांदा घट्ट धरला.

बाईंचा डावा हात खुर्चीच्या हातावर आपटला.

"पुन्हा," त्या म्हणाल्या.

पाढ्यात हा शब्द नाही. तो त्यांच्याआधी कुणी म्हटला नव्हता, त्यांच्याबरोबर कुणी म्हणत नव्हतं. उज्जैनहून बंगळुरूला आवाज जायला जो एखादा क्षण लागतो, तेवढा वेळ पडद्यावरचा श्रीरंग तसाच, पुढचं आठवत बसलेला दिसला. मग तो शब्द त्याच्यापाशी पोचला. काचेच्या खोलीत तो खुर्चीवर ताठ झाला. तोही त्यांच्याच वर्गात शिकलेला, आणि शाळेत स्वतःच्या आईलाही बाईच म्हणावं लागायचं.

"हो, बाई," तो म्हणाला, आणि त्याने एकोणीस एकेपासून सुरुवात केली.